सात नंबरच्या कोअरवरचा निखिल

हसायचं तर खुशाल हसा, पण गोष्ट अर्धी टाकून उठू नका. कारण माझी ही फजिती अर्धीच ऐकली, तर माणसांना वाटतं मी फार हुशार आहे. पूर्ण ऐकली की तसं वाटायचं थांबतं.

मी वैशाली. गाव बेडसे. लेण्यांच्या पायथ्याला आमचं घर, थोडी भातखाचरं, दोन म्हशी आणि आत्या. आई-बाबा भावाकडे चाकणला असतात, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. मी पुण्यातल्या एका कंपनीत ऑपरेटिंग सिस्टीम लिहिते. कॉम्प्युटर चालू झाला की त्याला 'ऊठ, हे तुझे हात, हे पाय, लाग कामाला' असं सांगणारा जो प्रोग्राम असतो ना, तो. आत्या गावात सांगते, "आमची वैशू कम्प्युटरची बाळंतपणं करती." मी कधी दुरुस्त केलं नाही. त्यात चुकीचं तरी काय आहे?

आता थोडं तांत्रिक. घाबरू नका, पटकन आवरते.

एका चिपमध्ये हल्ली बरेच कोअर असतात. कोअर म्हणजे विचार करणारं डोकं. आमच्या चिपमध्ये अशी आठ डोकी, शून्यापासून सातपर्यंत नंबर दिलेली. सगळ्यांना मिळून एक मोठी मेमरी, वर्गातल्या फळ्यासारखी. पण दर वेळी फळ्यापाशी जायला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक डोकं हवं तेवढं उतरवून घेऊन खिशात ठेवतं. त्या खिशाला म्हणायचं कॅश. तुमच्या मोबाईलमध्ये एकाने फळ्यावरचं बदललं, की बाकीच्यांच्या खिशातलं जुनं आपोआप रद्द होतं. ती सोय चिपमध्येच केलेली असते. आमच्या चिपमध्ये ती नव्हती! चिप स्वस्त पडावी, वीज कमी खावी म्हणून मुद्दाम काढलेली. म्हणजे फळ्यावर 'उद्या सुट्टी' लिहिलं, तरी एखादा खिशातलं जुनं वाचून शाळेत जाऊन बसणार. अशा आठ जणांना 'बाबा रे, खिसा झटक आणि फळा बघ' असं वेळेवर सांगणं, हे ऑपरेटिंग सिस्टीमचं काम. म्हणजे माझं.

मी घरून फोनवर ऑफिसला सांगायचे, "अहो, याची कॅश शिळी आहे, ती आधी काढा." आत्या चुलीपाशी कपाळावर हात मारायची. "पैसा कुटं शिळा हुतो व्हय गं? काय तरी बोलतीस!"

हे काम आधी दोघांचं होतं. माझं आणि निखिलचं.

निखिल देहूरोडचा. वडील तिथल्या लष्करी डेपोत नोकरीला, त्यामुळे घरात सगळं शिस्तीत. हा मात्र उंच, विस्कटलेला, शर्टाचं एक बटण कायम चुकलेलं. आम्ही शेजारी बसायचो. मध्ये ती चिप बसवलेला बोर्ड, बोर्डाच्या अलीकडे माझा कप, पलीकडे त्याचा. चहा गार व्हायचा आणि आम्ही भांडत बसायचो, की निरोप आधी पाठवायचा का खिसा आधी झटकायचा. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात गोड भांडण! तुम्हाला पटणार नाही, पण खरंच.

एकदा तो लेणी बघायला बेडश्याला आला होता. आत्याने पिठलं-भाकरी केली. जेवून आम्ही वर गेलो. चैत्यगृहात ते उंच खांब, गार सावली, खाली पवनेकडचं हिरवं खोरं. तो बराच वेळ गप्प उभा होता. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार.

तो म्हणाला, "वैशाली, इथे बोर्ड ठेवला ना, तर पंखा लागणार नाही."

नंतर कंपनीने त्याला जर्मनीतल्या ऑफिसात पाठवलं. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. मेसेज यायचे, पण कामाचे. 'तो बदल बघितलास का?' मी लिहायचे, 'बघितला.' हा एक शब्द लिहायला मला अर्धा तास लागायचा हं! आधी बरंच काही लिहायचं, मग एकेक खोडत यायचं. शेवटी उरायचं ते 'बघितला'.

अशा दिवसांत मी बोर्ड घरी आणला होता. एक मोठी चाचणी लावायची होती. फळ्यावर एक ओळ लिहायची, ती आठही कोअरनी वाचायची आणि बोर्डाच्या छोट्या पडद्यावर दाखवायची. बटण दाबत गेलं की एकेका कोअरची ओळ दिसणार. जगभर सगळे तिथे 'हॅलो' असलं काहीतरी लिहितात. घरात मी आणि आत्या. आत्याला पडद्यावरचं बारीक दिसत नाही. मी लिहिलं,

'निखिल, तू गेल्यापासून चहा एकटीच पिते. परत कधी येणार?'

आणि चाचणी पास झाली! मी बटण दाबत गेले आणि शून्य नंबर विचारतोय, निखिल परत कधी येणार. एक नंबर विचारतोय. दोन नंबर विचारतोय. आठच्या आठ जण विचारतायत! काय बरं वाटलं मला. म्हटलं चला, एकटीच नाही मी.

बोर्ड तसाच चालू राहिला. दिवस गेले, आठवडे गेले. इन्व्हर्टर होता, वीज गेली तरी बोर्ड काही बंद पडला नाही. मी हे कौतुकाने आमच्या साहेबांना, सातपुते सरांना सांगितलं. तीच पहिली चूक.

सर फोनवरच ओरडले, "बंद करू नकोस! अजिबात बंद करू नकोस! शुक्रवारी लोणावळ्याला दीक्षित मॅडम येतायत मुंबईहून. त्यांच्या कारखान्यातल्या यंत्रांना हीच चिप बसवायची आहे. त्यांचं म्हणणं, न थांबता चालते हे दाखवा. तू चालू बोर्डच घेऊन ये."

"चालू? सर, गाडीतून?"

"बॅटरी लाव, काही पण कर. आणि ऐक, हा डेमो जमला ना, तर मी निखिलला परत मागून घेणार आहे. तिकडच्या ऑफिसशी बोललोय मी. काम मिळालं की माणूस मिळेल."

मी फोन ठेवला. बाहेर जाऊन म्हशीच्या पाठीवर उगाच हात फिरवला. आत्या म्हणाली, "काय गं, हसतीस कशापायी?" म्हटलं, "काय न्हाई." आनंद झाला की मी आत्यासारखीच बोलते.

शुक्रवारी सकाळी ती ओळ बदलणं भाग होतं. बोर्ड बंद करायचा नाही, म्हणजे चालू असतानाच फळ्यावरचं पुसायचं. पुसलं. 'सुस्वागतम्' लिहिलं. आता एकेका कोअरला निरोप, की खिसा झटक आणि नवीन वाच. शून्याला सांगितलं, एकाला सांगितलं, दोन, तीन, चार, पाच, सहा...

बाहेर शेजारच्या तुकाभाऊंच्या जीपचा हॉर्न. "वैशे, चल गं! भुशी डॅमला जाणारी पब्लिक सुटायच्या आत निघायला पायजे!"

पाठोपाठ आत्या. "अगं, ह्या बॅटरीला कुटं धरू? वायर खाली लोंबतीया!"

मी धावले. सात नंबर राहिला.

तुम्ही म्हणाल, एक राहिला तर काय झालं? बाकीचे सात जण कामात होते, त्यांचे खिसे सारखे भरत होते, रिकामे होत होते. पण सात नंबर रिकामटेकडा. त्याला दुसरं कामच दिलेलं नव्हतं. तो आपली ती एकच ओळ उराशी धरून बसलेला.

तर निघाली वरात. पुढे तुकाभाऊ. मागे मी, मांडीवर बोर्ड. शेजारी आत्या, मांडीवर बॅटरी, अंगावर ठेवणीतलं लुगडं. तिला कशाला नेलं? कारण बॅटरी धरायला माणूस हवं होतं, आणि मी नको म्हटल्यावर ती रुसली असती. लोणावळ्यात शिरलो आणि अडकलो. पुढे-मागे गाड्या, पोरं कणसं खात बोनेटवर बसलेली. बॅटरी उतरत चाललेली.

"तुकाभाऊ, ती गाणी तरी बंद करा!"

"अगं, गाणी माज्या बॅटरीवर हायेत, तुज्या न्हाई!"

कसेबसे पोचलो. हॉटेलच्या हॉलमध्ये सातपुते सर घामाघूम. दीक्षित मॅडम शांत. पांढरे केस, स्वच्छ कॉटनची साडी, चष्म्यावरून बघायची सवय. मी बोर्ड भिंतीच्या विजेवर घेतला, तो एकदाही बंद पडला नाही. सरांनी टाळ्या वाजवल्या. आत्या मागच्या खुर्चीत बसली आणि समोरची बिस्किटं बघायला लागली. सगळ्याचं रेकॉर्डिंग चालू होतं, जर्मनीच्या ऑफिसला पाठवायला.

मी सगळं समजावून सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "बटण मी दाबू?"

"दाबा ना!" सर म्हणाले.

सुस्वागतम्. सुस्वागतम्. सुस्वागतम्. प्रत्येक वेळी मॅडम मान हलवायच्या आणि सर माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचे. सहा नंबर, सुस्वागतम्. आणि मग सात.

मॅडम थांबल्या. चष्मा खाली केला. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून वाचलं, "निखिल, तू गेल्यापासून... चहा... एकटीच पिते. परत कधी येणार?"

जमीन दुभंगून पोटात घेते म्हणतात ना? लोणावळ्याची जमीन कातळाची आहे हो, दुभंगत नाही.

"निखिल कोण?" मॅडमनी विचारलं.

आता बघा. मी खरं सांगू शकले असते. हसून म्हणायचं, मॅडम, चाचणीची ओळ राहून गेली. पण मला काय दिसत होतं? डेमो गेला म्हणजे काम गेलं, काम गेलं म्हणजे निखिल गेला. डेमो वाचवायलाच हवा! तोंडातून निघालं,

"निखिल म्हणजे... आमचं मॉड्यूल आहे, मॅडम."

"मॉड्यूल?"

"हो, प्रोग्रामचा एक तुकडा. नि, खि, ल. म्हणजे... निरोप... खिशातला... लवकर बदला!"

"मग 'ब' कुठे गेला?"

"तो आम्ही सोयीसाठी गाळतो."

सातपुते सरांना यातलं काही माहीत नव्हतं. पण मॅडमसमोर मला माहीत नाही म्हणतील तर ते सातपुते सर कसले! ते पुढे सरसावले. "खास आमचं तंत्र आहे, मॅडम! एखाद्या कोअरकडे शिळी माहिती राहिली, की तो स्वतःच निखिलला हाक मारतो. निखिल येतो आणि सगळं ताजं करून देतो!"

"आणि चहा?"

"चहा म्हणजे डेटा," मी म्हणाले. "एकटीच पिते म्हणजे हा कोअर एकटाच जुना डेटा... पितो आहे."

"कोअर स्त्रीलिंगी?"

"आमच्याकडे आहे," सर ठामपणे म्हणाले.

मॅडमच्या चेहऱ्यावर कुतूहल उमटायला लागलं होतं. थोडं निभावलं असं मला वाटलं आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"निखिल? त्यो उंच पोरगा? वैशे, त्यो तर आपल्याकडं जेवून गेल्ता की!"

मी डोळे मिटले.

मॅडम वळल्या. "मॉड्यूल जेवलं?"

"म्हणजे मेमरी खातं ते," मी म्हणाले. "आमच्याकडे जेवतं म्हणतात."

"चार भाकरी खाल्ल्या त्यानं!" आत्या अभिमानाने म्हणाली. "पिठलं तर पुसून नेलं. लय गुणाचं पोरगं."

मॅडमनी क्षणभर विचार केला. "चार मेगाबाइट?"

"फक्त चार!" सर ओरडले. "एवढ्यात सगळं काम करतं!"

"बाई चांगल्या पारखी आहेत तुमच्या," मॅडम आत्याकडे बघून म्हणाल्या. "कोण त्या?"

"घरून चाचणी त्याच घेतात," सर म्हणाले. त्या माणसाला खोटं बोलायची एकदा लय सापडली की थांबत नाही.

काय सांगू, मॅडम खूश! म्हणाल्या, असले बोर्ड मी पुष्कळ पाहिले, पण चूक झाल्यावर मदतीला हाक मारणारी सिस्टीम पहिल्यांदा बघितली. काम तुम्हालाच. अट एकच. आमच्या यंत्रांत निखिल पाहिजेच.

"मिळेल!" सर म्हणाले.

मी मनात म्हटलं, मलाही.

परतताना जीपमध्ये मी गात होते. खरंच गात होते! तुकाभाऊंनी गाणी बंद केली, इतकी गात होते. आत्या म्हणाली, "तुजं ते मॉडूल येनार का मग?" म्हटलं, "येणार, आत्या!" तिने लगेच ठरवून टाकलं की या खेपेला तांदळाची भाकरी करायची.

पुढच्या आठवड्यात ऑफिसात पेढे वाटणं चालू होतं आणि माझा फोन वाजला. निखिल! मेसेज नव्हे, फोन. पेढ्याचा हात पुसत मी उचलला.

"अभिनंदन," तो म्हणाला. "रेकॉर्डिंग पाहिलं मी. पूर्ण पाहिलं."

"अच्छा," मी म्हणाले. अर्धा तास विचार करायला मिळाला असता तरी दुसरं काही सुचलं नसतं.

"आत्यांना सांग, चार नव्हत्या. तीनच खाल्ल्या होत्या."

"सांगते."

"आणि एक गंमत झालीय. सातपुते सरांनी मला परत मागितलं होतं ना? इथल्या मोठ्या साहेबांनी नाही म्हटलं."

"का?" माझा आवाज एवढा चढला की दोघं-तिघं वळून बघायला लागले.

"ते म्हणाले, पुण्याच्या टीमनेच कळवलंय, निखिल चार मेगाबाइटमध्ये सगळं काम करतो. पुण्यात निखिल आधीच आहे, मग आणखी कशाला?"

मला हसू आलं का रडू, मला अजून ठरवता आलेलं नाही. तोही हसला, पण थोडंच. मग म्हणाला,

"वैशाली, ती सात नंबरची ओळ... ती मॉड्यूलचीच होती ना?"

नेमके तेव्हाच सातपुते सर माझ्या खांद्यामागे येऊन उभे राहिले. हातात पेढ्याचा डबा. "कोण? निखिल? सांग त्याला, मॅडम मॉड्यूलवर किती खूश आहेत ते! स्पीकरवर घे, स्पीकरवर!"

त्यांनीच बटण दाबलं. सगळी टीम भोवती जमली. फोनमधून निखिलचा श्वास ऐकू येत होता.

"सांग ना," तो म्हणाला.

मी म्हणाले, "हो. मॉड्यूलचीच."

तो म्हणाला, "बरं. नाही, मी म्हटलं विचारून घ्यावं. इथल्या घरमालकिणीला मी खोली सोडतो म्हणून सांगून बसलो होतो. सांगतो तिला, राहतोय म्हणून." आणि टीमने "थँक यू निखिल!" असा गलका केला, त्यात फोन संपला.

संध्याकाळी मी त्याला लिहायला घेतलं. खूप लिहिलं. आणि मग खोडत, खोडत गेले. काय गेलं शेवटी, माहितीये? 'पेढे छान होते.' त्याने उत्तर दिलं, 'बघितले रेकॉर्डिंगमध्ये.' रेकॉर्डिंगमध्ये पेढे नव्हतेच! म्हणजे तोही तिकडे खोडत बसला असणार. बसला असेल ना? तुम्हाला काय वाटतं?

असो. मग मी निखिल लिहिला. मॉड्यूल हो, खरंखुरं मॉड्यूल. नाव दिलंच होतं, तर काम करणं भाग होतं. कुठल्याही कोअरकडे जुनी माहिती राहिली, की त्याने हाक मारायची आणि निखिलने लगेच यायचं. एका हाकेत येतो. मॅडमच्या कारखान्यात बसलाय आता, छान चालतोय.

एकच तक्रार आहे. परवाच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सर म्हणाले, "वैशाली, मॅडमचा फोन होता. काम झालं की निखिलने मेमरीतून निघून जायला पाहिजे. तो जातच नाही म्हणे, तिथेच बसून राहतो. जागा अडते."

"माहितीये, सर. महिनाभर तेच बघतेय."

"मग काढून टाक ना त्याला!"

"सगळं करून पाहिलं, सर. नाही जात."

"अगं, कोड कोणाचा आहे? चूक कुठे आहे ते तुला नाही कळणार तर कोणाला कळणार?"

"चूक सापडलीये, सर," मी म्हटलं. "दुरुस्त करायला हात होत नाही."